मानेकडची गळती

तिसरी पिशवीही मानेकडूनच गळली.

दोन खांबांवर आडव्या टाकलेल्या बल्लीला म्हशीचं चामडं पिशवीसारखं शिवून टांगलेलं होतं, मान खाली, पुठ्ठा वर. रेवती स्टुलावर उभी राहून वरच्या तोंडातून बाभळीच्या सालीचं लाल पाणी ओतत होती. दहा बादल्या होईपर्यंत सगळं ठीक होतं. चामडं फुगलं, वाखाचे टाके ताणले गेले. अकराव्या बादलीला मानेच्या भागातून एक बारीक धार सुटली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता दहा-बारा धारा जमिनीवर पडू लागल्या. पाणी पाझरलं तर हरकत नसते, कमावताना ते पाझरायलाच हवं. पण धार लागली म्हणजे चामड्याला भोक आहे, आणि असल्या चामड्याची वहाण पहिल्याच पावसाळ्यात पायाला पाणी पाजते.

सोनागिरीच्या पलीकडे, शहराच्या कडेला, कारखान्याच्या भिंतीमागे निमखेडी ही वस्ती आहे. तिथे कुणाचं काही बिघडलं की बघायला माणसं जमतातच. चार बाया कुंपणाशी येऊन थांबल्या. एकीने विचारलंसुद्धा, "फिर से फट गई क्या?" रेवतीने बादली खाली ठेवली.

सासरा काशिनाथ खाटेवरून उठला. त्याचे गुडघे गेले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण बोटं शाबूत होती. त्याने ओल्या चामड्यावरून हात फिरवला, धारेत बोट घातलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चुना जास्त घालून चामडं जाळलं तू."

"मामाजी, मापानेच घातला होता. तुम्ही शिकवला तसाच."

"मग भोकं काय आभाळातून पडली?"

सासऱ्याने सुनेला चारचौघांत बोलावं आणि सुनेने स्टुलावरून उतरून फरशी पुसायला घ्यावी, हे निमखेडीला नवीन नव्हतं. रेवतीला मात्र ते झोंबलं. काशिनाथचा बाप तुमसरहून इकडे हिंदी मुलखात आला होता. काशिनाथने कारखान्यात बत्तीस वर्षं चामड्याचे वायसर कापले आणि ड्यूटी संपली की घरामागच्या दोन हौदांवर कातडी कमावली. टी. टी. नगरातले रिटायर झालेले मराठी कारकून अजून त्याच्याच वहाणा मागतात. मुलगा विलास चामडं कमावणाऱ्याच्या घरात जन्मला खरा, पण नाक अरेरा कॉलनीतल्या बड्या लोकांचं घेऊन आला. त्याला केस सोडवणाऱ्या चुन्याच्या हौदाचा वास सोसत नाही. म्हणून गुडघे गेल्यावर काशिनाथने हौद सुनेच्या हाती दिले. त्यालाही सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत रेवतीच्या बोटांची टोकं चुन्याने फुटली, नखं पिवळी पडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी म्हणालं की तुझा हात चांगला आहे. म्हणणारा काशिनाथच होता.

त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "पुरे झालं आता. होळीनंतर मुरूम टाकून दोन्ही हौद बुजवून टाकू. विलास म्हणते तशा चार खोल्या काढू भाड्याच्या."

"मी तर कधीचा बोलतोय," विलास म्हणाला. "ठेक्यावरच्या मजुरांना रूम पाहिजेतच. मुरूमवाल्याला सांगून ठेवतो. टेन्शन खतम."

सासू शारदा भाकरी वाढत होती.

रेवती म्हणाली, "अजून एक चामडं करू द्या."

काशिनाथने घास गिळेपर्यंत वेळ घेतला. "एक. शेवटचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती मिठाच्या खोलीत जाऊन बसली. तिथे गळलेली चामडी ज्याच्याकडून घेतली त्याच व्यापाऱ्याकडून आलेलं एक कच्चं कातडं केसांसकट पडलं होतं. कातडं विकत घेताना सगळे आतली बाजू बघतात, सुरी कुठे लागली का, वास येतो का, वजन किती. केसांची बाजू कुणी बघत नाही, कारण केस तर जाणारच असतात. तिनेही सहा वर्षं कधी बघितली नव्हती. आता तिने मानेवरचे केस उलटे सारत बोटं फिरवली. फुटलेल्या बोटांना ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागली. मग दुसरी. तिने नखाने एक दाबली, तर आतून पांढरा घट्ट चिकासारखा गोळा बाहेर आला आणि मागे खळगा राहिला. खळग्यातून तिने सुई घातली. ती सहज आरपार गेली.

ती तशीच कातडं ओढत काशिनाथच्या खाटेपाशी घेऊन गेली. "मामाजी, हे बघा. चुन्यात घालायच्या आधीच भोक आहे."

काशिनाथने चाचपलं. क्षणभर त्याची बोटं थांबली. मग तो म्हणाला, "मीठ कमी पडलं की गाठी येतात. कातडं आतून सडते."

"जिवंत म्हशीला असल्या गाठी असल्या तर?"

"जित्या म्हशीले कोण पाहायला गेलं?"

खरंच होतं ते. यांच्या हाताला जनावर लागायचं ते मेल्यावर. जिवंत म्हशीच्या अंगावरून चामडंवाल्यांनी हात फिरवायचा नाही, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. रेवतीने व्यापाऱ्याला फोन करून विचारलं. गळलेली तिन्ही आणि हे चौथं, सगळी कातडी बायपासजवळच्या हरिसिंग मीणाच्या तबेल्यातली होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि चालत निघाली.

तबेल्यात चाळीस म्हशी अंगाला अंग लावून उभ्या होत्या. हरिसिंग दुधाच्या गाडीवर गेला होता. त्याची आई उन्हात खाटेवर बसली होती, तिला सगळे अम्मा म्हणत. तिने रेवतीच्या हाताकडे पाहिलं आणि ओळखलं.

"चमड़े वाली है न तू? यहाँ तो कोई मरा नहीं."

"मालूम है अम्मा. भैंस की गर्दन देखनी है. बस हाथ लगाके."

"जिंदा जानवर से तेरा क्या काम?" अम्माने काठी उचलली नाही, पण हाताशी ओढली. "तुम लोगों की नज़र खाल पर रहती है. हाथ लगाओगे तो जानवर टिकेगा नहीं. चल, आगे जा."

रेवतीला इतका राग आला की कानशिलं तापली. आपण गिधाड आहोत असं तोंडावर ऐकून घ्यायचं आणि वर "अम्मा" म्हणायचं. पण राग घेऊन घरी गेली असती तर होळीनंतर मुरूम येणारच होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. शेणकाढ्या माणूस गावी गेलेला दिसत होता, दोन दिवसांचं शेण साचलं होतं. भिंतीशी फावडं आणि घमेलं होतं. तिने पदर खोचला आणि शेण उचलायला सुरुवात केली.

"ए, तुझे किसने बोला?"

"किसी ने नहीं."

अम्मा बघत राहिली. फुकटचं शेण काढणारं माणूस हाकलण्याइतकी ती भोळी नव्हती. रेवती आठ दिवस रोज सकाळी गेली. शेण काढलं, गटार मोकळं केलं, गव्हाणी झाडल्या. पाठ मोडून आली. घरी आल्यावर अंगाला शेणाचा वास यायचा आणि विलास म्हणायचा, "पहिले चुना, आता गोबर. क्या चाहती क्या हो तुम?" ती म्हणायची, "एक मान." त्याला वाटलं तिला मानपान हवाय. त्याचा गैरसमज दूर करायला तिला वेळ नव्हता.

नवव्या दिवशी अम्मा स्वतःहून बोलली. "दुधारू को हाथ नहीं लगाने दूँगी. वो कोने वाली को देख ले. गेंदा को. बुड्ढी है, सूख गई है."

गेंदा हाडकुळी होती, एक शिंग मोडलेलं. रेवतीने आधी तिला पुठ्ठ्याशी खाजवलं, मग हात पुढे नेला. जिवंत कातडं गरम असतं आणि हाताखाली थरथरतं, हे तिला माहीत असून नवीन होतं. मानेवर डावीकडे गाठी लागल्या. तिने एकेक मोजली. डावीकडे एकोणीस, उजवीकडे अकरा. तिने पिशवीतून जुन्या कॅलेंडरचं पान काढलं, पाठकोऱ्या बाजूवर मानेचं चित्र काढलं आणि प्रत्येक गाठीला ठिपका दिला. गेंदा रवंथ करत राहिली. मीठ कमी पडलं म्हणायला आता जागा नव्हती. रेवतीला इतकं बरं वाटलं की तिने म्हशीच्या कानामागे थोडा वेळ आणखी खाजवलं.

त्याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर स्वरदा तबेल्यात लस टोचायला आल्या. मराठी बोलणं ऐकून रेवतीने धीर केला आणि त्यांना गेंदाची मान दाखवली. डॉक्टरांनी एक गाठ पिळली, पांढरं काचेच्या पट्टीवर घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, चला माझ्याबरोबर. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

स्कूटरवर मागे बसून रेवती दवाखान्यात गेली. सूक्ष्मदर्शकात आधी नुसता धूर दिसला, मग तो ओसरला आणि आत जीव दिसले. तांदळाच्या कणीसारखे लांबोडके, पुढच्या अंगाला आखूड पाय. एका गाठीत इतके की मोजणं शक्य नव्हतं.

"हे केसाच्या मुळात राहतात," डॉक्टर म्हणाल्या. "रेडकू आईला पितं तेव्हा आईच्या अंगावरून त्याच्या अंगावर जातात. म्हशीला फारसं खाजत नाही, दूध कमी होत नाही, म्हणून मालकाला पत्ता नसतो. गाठ फुटली की तिच्या जागी कातडीत खड्डा राहतो. तुम्ही केस काढता, तेव्हा तो उघडा पडतो."

"म्हणजे चुन्याने होत नाही."

"चुना फक्त दाखवतो."

"औषध?"

"आहे, पण खात्रीचं नाही. आणि दुभतीला दिलं तर दूध टाकून द्यावं लागतं. कोण टाकेल?" डॉक्टरांनी हात धुतले. "तुम्ही पहिल्या आहात हे विचारायला येणाऱ्या. दुधासाठी सगळे येतात, चामड्यासाठी कुणी नाही."

घरी येऊन रेवतीने सगळं सांगितलं. काशिनाथने शेवटपर्यंत ऐकलं, हे विशेष. मग म्हणाला, "काचेतून काहीही दिसते. मले चामडं दाखव." म्हातारा खोटं बोलत नव्हता. चाळीस वर्षं त्याने भोक दिसलं की चुन्याला आणि चुना घालणाऱ्या हाताला दोष दिला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, हे या वयात कबूल करणं सोपं नसतं.

पौषात थंडीचा कडाका वाढला आणि गेंदा बसली ती उठली नाही. हरिसिंगने फोन केला. "ले जाना हो तो ले जाओ, नहीं तो गाड़ी बुलानी पड़ेगी."

रेवती दोन माणसं आणि टेम्पो घेऊन गेली तेव्हा अम्मा दारातच होती. "लगा दिया न हाथ? मैंने बोला था."

"उम्र थी उसकी, अम्मा."

"उम्र थी. तेरे आने के बाद ही खतम होनी थी."

आठ दिवस उचललेलं शेण अम्माच्या हिशोबात कुठेच नव्हतं. रेवतीने गेंदाच्या मानेवर हात ठेवला. ती आता थंड आणि लाकडासारखी होती. तिला रडू आलं, आणि अम्मासमोर रडायचं नाही म्हणून तिने माणसांना जोरात हाक मारली. कातडं तिने स्वतः सोडवलं. मानेपाशी सुरी लागली असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून तिथे तिने कातड्याला मांसाचा पातळ थर ठेवूनच सुरी चालवली. त्याला दुप्पट वेळ लागला आणि टेम्पोवाला कुरकुरला.

घरामागे कातडं पसरून तिने काशिनाथला हात धरून आणलं. त्याची बोटं कॅलेंडरच्या चित्रावरच्या एकेका ठिपक्याच्या जागी नेली. तीस गाठी त्याने चाचपल्या.

"आता चुना तुम्ही घाला, मामाजी. मी हात लावणार नाही. माप तुमचं, दिवस तुमचे, दांडा तुमचा."

"माझे गुडघे..."

"मी धरते तुम्हाला. चुना धरणार नाही."

काशिनाथ तिच्याकडे वळला. मोतीबिंदूच्या पडद्याआड त्याला काय दिसलं कोण जाणे. "आन् नाही गळलं तर?"

"तर मुरूमवाल्याला मीच फोन करीन."

त्याला हे आवडलं. आपल्या हातचं कधी गळत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने लुंगी वर बांधली.

पुढचे पाच आठवडे त्या घरात एवढंच चाललं होतं. काशिनाथने चुना विझवला, चिमटीने चाखून पाहिला, थुंकला. रेवतीने मागून त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं धरायचं, आणि त्याने लांब दांड्याने कातडं हौदात उलटवायचं. रोज दोनदा. त्याचे गुडघे लटपटायचे, तिचे दंड भरून यायचे. अकराव्या दिवशी केस सुटले. दोन मुठींच्या बोथट सुऱ्याने त्याने ते स्वतः खरवडले, इतके हळू की दुपार झाली. मानेच्या कातड्यावर फिके डाग दिसत होते. काशिनाथला ते दिसले नाहीत आणि रेवतीने बोट ठेवून दाखवले नाहीत. शारदा ओसरीवर बसून बाभळीची साल कुटत होती, टोपलीमागून टोपली. सालीच्या पाण्यातही चामडं त्यानेच फिरवलं. शेवटी रेवतीने फक्त पिशवी शिवली, कारण सुईत वाख ओवणं त्याच्या डोळ्यांना जमत नव्हतं. प्रत्येक टाका घालायच्या आधी ती म्हणायची, "इथे घालू?" आणि तो चाचपून म्हणायचा, "घाल."

होळीला सहा दिवस होते. पिशवी टांगली तेव्हा कुंपणाशी आधीपेक्षा जास्त माणसं होती. काशिनाथ स्वतः चुन्यात उतरलाय ही बातमी गावभर झाली होती. विलासची सुट्टी होती, तो नाकाला रुमाल लावून आला. काशिनाथने स्टुलावर चढायचा हट्ट केला. विलास आणि रेवतीने दोन्ही बाजूंनी धरलं, शारदाने खालून बादल्या दिल्या.

सात, आठ, नऊ. चामडं फुगलं. दहावी बादली गेली आणि काहीच झालं नाही. काशिनाथच्या चेहऱ्यावर हसू आलं. आपण पाच आठवडे या म्हाताऱ्याला उभं धरलं ते आपलेच हौद बुजवायला, असं रेवतीला वाटलं. शारदाने अकरावी बादली वर दिली.

डावीकडे मानेपाशी धार सुटली. मग तिच्या वर एक, खाली दोन. उजवीकडे सुटल्या. बारीक, सरळ, लाल धारा. रेवतीने कॅलेंडरवरचं चित्र बाहेर काढून पाहिलं नाही. ठिपके तिला पाठ होते. डावीकडच्या एकोणीसपैकी सतरा फुटले होते.

कुंपणाशी कुणीतरी हसलं. "अब बहू ने क्या कर दिया?"

रेवतीने इतके दिवस याच घटकेची वाट पाहिली होती. आता ती आली तर तिला म्हाताऱ्याच्या काखेखालचा आपला हात काढून घ्यावासा वाटेना. म्हातारा जड झाला होता.

काशिनाथ स्टुलावरूनच कुंपणाकडे वळला. "बहू ने हाथ नहीं लगाया," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चूना मैंने डाला था. भैंस की गर्दन में कीड़ा था. वो बोल रही थी, मैंने नहीं सुना."

मग त्यांनी त्याला खाली उतरवून खाटेवर बसवलं. माणसं पांगू लागली. लाल पाणी वाहत हौदापर्यंत गेलं होतं. शारदा तिथेच उभी होती, हातात रिकामी बादली. ती पिशवीपाशी गेली आणि मानेवरच्या एका धारेला तळवा लावला.

"असंच होतं," ती म्हणाली.

"काय?" विलासने विचारलं.

"तू पोटात होतास तवा. माझ्या हातचं चामडं असंच गळलं होतं, मानेतून." ती काशिनाथकडे न बघता बोलत होती. "तुमी म्हणलं, तुझ्या हातात आग हाय, हौदापाशी येऊ नको. मग मी साल कुटत बसली. छत्तीस वर्सं."

रेवतीला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षं या घरात राहून तिला वाटत होतं, सासूला हौदाचं काम आवडत नाही.

काशिनाथने ओले हात मांडीवर पुसले. मग तो म्हणाला, "ते कातडं मीच आणलं होतं. केसाकडून नव्हतं पाह्यलं."

शारदाने ऐकलं. बादली उपडी करून तिच्यातले शेवटचे थेंब झटकले.

"विलास," काशिनाथ म्हणाला, "मुरूमवाल्याले फोन कर. नको म्हण."

विलासने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि खिशातून फोन काढत अंगणाबाहेर गेला.

शारदा चुन्याच्या हौदाच्या काठावर जाऊन उभी राहिली. दांडा कडेला पडला होता, तो उचलून तिने हातात तोलून पाहिला.

"पुढचं कातडं कवा घालशील?" तिने रेवतीला विचारलं.

"सोमवारी. आधी दोघी व्यापाऱ्याकडे जाऊन केसांकडून मान चाचपू, मग कातडं घेऊ."

"किती वाजता निघायचं?"

"सहाला," रेवती म्हणाली.